बारा खोल्यांची मालकीण झिंडेलफिंगेनात

परत आल्यापासून भिशीतल्या बायका एकच विचारतात, "बर्फ पाहिला का गं?" अगं बायांनो, आम्ही गेलो मे महिन्यात. तिथंही तेव्हा ऊनच होतं, फक्त आपल्यासारखं अंगावर येणारं नव्हतं. बर्फ काही पाहिला नाही. पण कधीच न जाणारं पाणी पाहिलं, मुलाला घर मिळावं म्हणून परक्या बाईच्या जिन्यात रांगेत उभी राहिले आणि फुटपाथ झाडण्यावरून एका जर्मन म्हातारीशी कडाकडा भांडून आले. तेच सांगते आता सगळं नीट.

आधी शेलवाडी

आम्ही कोण ते आधी सांगायला हवं. शेलवाडी चाकणच्या अंगाला आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा गावात ज्वारी, कांदा, भुईमूग आणि भरपूर भांडणं पिकायची. मग शिवारात गाड्यांचे सुटे भाग करणारा कारखाना आला. त्याच्यामागून दुसरा आला, तिसरा आला. जमिनी गेल्या, काहींच्या राजीखुशीनं, काहींच्या नाखुशीनं. कारखान्याला माणसं लागतात, ती लातूर-नांदेडहून आली, बिहार-ओडिशाहून आली. माणसांना राहायला जागा लागते. तेव्हा आमचं खळं होतं त्या उरलेल्या तुकड्यावर आम्ही बारा खोल्या बांधल्या. सहा इकडे, सहा तिकडे, मधे बोळ, बोळाच्या तोंडाशी आमचं घर. आता गावात घरटी अशाच खोल्या आहेत. एवढ्या माणसांना विहिरी कुठून पुरणार? बोअर खोल खोल गेल्या, आटल्या आणि टँकर सुरू झाला. टॉवर उभे राहिले, पण घंटागाडी काही आमच्या बोळात शिरत नाही.

त्याच पहिल्या कारखान्यात आमचा निलेश इंजिनियर म्हणून लागला आणि तिथूनच जर्मनीला गेला. कारखाना आला नसता तर पोरगा आज माझ्या डोळ्यासमोर बांधावर असता, आणि आला म्हणून तो जर्मन कंपनीत साहेब झाला. कारखान्याला शिव्या घालाव्यात की नारळ फोडावा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मनाला खुपायची, ती म्हणजे बोळ. पूर्वी प्रत्येकीचं अंगण होतं, प्रत्येकीचा सडा होता. आता बाराही खोल्यांतली माणसं आपापली खोली चकाचक झाडतात आणि केर बोळात लोटतात. बोळ कुणाचाच नाही. झाडायला बाई लावली, ती टिकली नाही. भाडेकरू एकमेकांना नावानं ओळखत नाहीत, सात नंबर, नऊ नंबर असं म्हणतात. मीही तसंच म्हणायचे.

झिंडेलफिंगेन

विमानाचं काही सांगत नाही, त्यात सांगण्यासारखं फक्त गुडघे दुखणं आहे. झिंडेलफिंगेन म्हणजे निलेशचं जर्मनीतलं गाव. निलेशचं घर दोन खोल्यांचं, खिडकीतून समोर चेस्टनटचं झाड. सून प्राजक्ता पुण्याची, ती एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. नात इरा सहा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. मी म्हणायचे, "इरा, थालीपीठ हवं का?" ती म्हणायची, "या, आजी, बिट्टे!" म्हणजे हो, आजी, दे ना, आणि ताट पुढे करायची. भुकेला भाषा लागत नाही, त्यामुळे आमचं उत्तम जमलं.

दुसऱ्याच दिवशी आमचे हे, म्हणजे गावाचे अण्णा, म्हणाले, "आपल्या शिवारातले सुटे भाग जिथं जातात, तो कारखाना मला दाखव." निलेशनं त्यांना मोटारीच्या भल्यामोठ्या कारखान्याच्या बाहेर नेलं. भिंत संपता संपेना. हे हात मागे बांधून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आपल्या जमिनीचं सासर हे होय!" मग गावाच्या कडेला फिरायला गेलो तेव्हा तर ते जागीच थांबले. घरं संपली की रेघ मारल्यासारखं शेत सुरू. मधे अर्धवट बांधलेली इमारत नाही, प्लॉट विकणे आहेचा बोर्ड नाही, राडारोड्याचा ढीग नाही. "एवढा मोठा कारखाना गिळून हे गाव ढेकरसुद्धा देत नाही," हे म्हणाले. "आपल्याला मात्र अपचन झालं." शेताच्या बांधावर बसून आम्ही बरोबर नेलेली शेंगदाण्याची चटणी ब्रेत्सेलला लावून खाल्ली. ब्रेत्सेल म्हणजे गाठ मारलेला खारा पाव, आणि चटणीबरोबर तो जो काही लागतो म्हणता! त्या मोसमात तिकडे सगळीकडे पांढरा श्पार्गेल, म्हणजे शतावरीचे जाड कोंब, मिळतो. यांनी एक घास घेतला आणि म्हणाले, "शेवग्याची शेंग आजारी पडल्यासारखी लागते." प्राजक्ता हसून हसून खोकायला लागली.

पण त्या हसण्याखाली काहीतरी होतं, ते मला रात्रीच्या जेवणाला कळलं. घरमालकाची मुलगी परत येणार होती आणि त्याला हे घर तिच्यासाठी हवं होतं. कायद्यानं मुदत होती, पण ती संपत आली होती.

"मग दुसरं घ्या की," मी म्हटलं. बारा खोल्यांची मालकीण मी, मला त्यात काय वाटणार?

निलेश म्हणाला, "आई, इथं वोनुंग, भाड्याचं घर, मिळणं म्हणजे लग्न जमवण्यापेक्षा अवघड आहे. एका घराला पन्नास-पन्नास लोक येतात. आम्ही चार महिने बघतोय."

प्राजक्तानं हळूच सांगितलं, "आई, इराची शाळा सप्टेंबरात सुरू होते. इथं शाळा घराच्या पत्त्यावर मिळते. ह्या भागात घर नाही मिळालं तर लांब कुठंतरी जावं लागेल. तिच्या सगळ्या मैत्रिणी ह्याच शाळेत जाणार आहेत."

पहिलीला जाणाऱ्या मुलांना तिकडे खाऊनं भरलेला पुठ्ठ्याचा मोठा कोन देतात. इरानं तिचा कोन आधीच निवडून ठेवला होता, हत्तीचं चित्र असलेला, आणि त्यावर शाळेचं नावही लिहिलं होतं. मी तो कोन उचलून जपून कपाटावर ठेवला.

जिन्यातली रांग

त्या आठवड्यात एक घर बघायला बोलावणं आलं. ह्याला बेझिश्टिगुंग म्हणतात. नाव उच्चारतानाच अर्धा दम जातो. निलेशनं इस्त्रीचा शर्ट घातला, पगाराचे कागद नीट फाइलमध्ये लावले आणि मला बजावलं, "आई, प्लीज, तिथं तू काही बोलू नकोस."

"मी कशाला बोलतेय? मला जर्मन येतं का?"

घर जुनं, तीन मजली. बाहेर फुटपाथवर एक सत्तरीची बाई निळा एप्रन लावून लांब दांड्याच्या झाडूनं झाडत होती. जिन्यात आमच्यासारखी वीस-एक माणसं, सगळी अशीच इस्त्रीतली. मला पाणी प्यायचं होतं. मी इराला म्हटलं, "त्या झाडणाऱ्या मावशींना विचार, मालकीणबाई कुठं आहेत." इरानं इमानानं विचारलं. बाईनं झाडू थांबवला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं. मालकीण तीच! निलेशचा चेहरा असा झाला की वाटलं, आता हा फाइल घेऊन स्टेशनच गाठतो.

बाईंचं नाव हेगेले, तिकडे बाईंना फ्राऊ म्हणतात, म्हणून फ्राऊ हेगेले. तळमजल्यावर त्यांच्या स्वतःच्या दाराला एक लाकडी पाटी लटकत होती, तिच्यावर झाडू रंगवलेला. निलेश कुजबुजला, "केअरवोखे. इकडची पद्धत आहे. ज्याच्या दाराला पाटी, त्यानं त्या आठवड्यात जिना आणि फुटपाथ झाडायचा. मग पाटी शेजारच्या दाराला." मालकिणीच्याही दाराला? मला ते काही पटेना.

वरचं घर छान होतं, तीन खोल्या, भरपूर उजेड. लोक भिंतीकडे, खिडक्यांकडे बघून "शोन, शोन" म्हणजे सुंदर, सुंदर करत होते. मी सवयीनं सरळ मोरीत गेले आणि नळ सोडला. धार दणदणीत. स्वयंपाकघरातला सोडला, तीच धार. भिंतीला हात लावून ओल बघितली, वर टाकी आहे का म्हणून खिडकीतून वाकून पाहिलं. टाकी नाही! मग राहवलंच नाही. "अहो, पाणी किती वाजता येतं?"

मी निलेशला विचारलं होतं. पण इरा चांगली मुलगी आहे, तिनं ते खणखणीत जर्मनमध्ये सगळ्या घराला विचारलं.

लोक हसले. निलेशनं डोळे मिटले. फ्राऊ हेगेले मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "इमर." म्हणजे कायम. मग इराला काहीतरी विचारलं आणि इरानं छाती फुगवून सांगितलं, आजीची स्वतःची बारा घरं आहेत, ती मालकीण आहे.

"संपलं," रस्त्यावर आल्यावर निलेश म्हणाला. "गेनाऊ, नेमकं हेच नको होतं, आई." तो माझ्यावर ओरडला नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं. आमच्याकडे खोली बघायला येणारी पोरंही अशीच इस्त्री करून येतात, अशीच "काकू, कसला त्रास देणार नाही" म्हणतात. आज माझं पोर त्या रांगेत होतं.

रेगेन्सबर्ग

आधीच ठरलं होतं म्हणून शनिवार-रविवार रेगेन्सबर्गला गेलो. निलेशचा सांगलीकडचा एक मित्र तिथल्या मोटारीच्या कारखान्यात आहे, त्याच्याकडे मुक्काम. त्यानं तांबडा रस्सा केला आणि शेजाऱ्यांना वास जाऊ नये म्हणून सगळ्या खिडक्या लावल्या, मग आम्हीच ठसक्यानं बेजार होऊन सगळ्या खिडक्या उघडल्या. थोड्या वेळानं शेजारचा तरुण खरंच आला. आम्ही घाबरलो. तो विचारायला आला होता की, हे काय आहे आणि थोडं मिळेल का. तो तीन वाट्या रस्सा प्यायला, तिखटानं रडला आणि आभार मानून गेला.

रविवारी सकाळी डोनाऊ नदीवरच्या जुन्या दगडी पुलावर गेलो. खाली पाणी नुसतं उधळत चाललेलं. हे पुलाच्या कठड्याला टेकून म्हणाले, "एवढं पाणी आणि कुणी हंडा घेऊन उभं नाही." इरा बदकांना एकेक नाव देत होती. तेवढ्यात निलेशचा फोन वाजला. तो बाजूला गेला, "या, या" म्हणजे हो, हो म्हणत राहिला आणि धावत परत आला.

"फ्राऊ हेगेले होत्या. शनिवारी कॉफीला बोलावलंय."

"म्हणजे घर मिळालं?" प्राजक्ता ओरडली.

"नाही. अजून दोघांना बोलावणार आहेत. पण त्या म्हणाल्या," निलेशनं माझ्याकडे बोट दाखवलं, "हिला घेऊन या."

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "आता शनिवारी नळाला हात लावलास तर बघ."

पुन्हा झिंडेलफिंगेन

शनिवारी फ्राऊ हेगेलेंनी रुबार्बचा केक केला होता. रुबार्ब म्हणजे अंबाडीसारखे आंबट देठ, वर साखरेचा फेस. मी दोन तुकडे खाल्ले, सभ्यपणाखातर नव्हे, आवडला म्हणून. मी नेलेली भाजणीची चकली त्यांनी आधी हातात फिरवून सगळ्या बाजूंनी पाहिली, मग खाल्ली, मग ताटलीच स्वतःकडे ओढली. निलेश मधे बसून इकडचं तिकडे करत होता.

त्यांनी विचारलं, "तुमच्या बारा घरांत कोण राहतं?"

मी सांगितलं, कारखान्यातली माणसं, लांबून आलेली, कुणाची भाषा कुणाला येत नाही. एका खोलीत तर दिवसपाळीची पोरं उठली की रातपाळीची झोपतात.

त्या एकदम पुढे सरकल्या. त्या लहान असताना ह्या घरामागं बटाट्याचं शेत होतं. कारखाना वाढला, माणसं पुरेनात. इटलीहून, तुर्कस्तानातून आगगाड्या भरून माणसं आली. त्यांच्या आईनं वरच्या खोल्या भाड्यानं दिल्या, आणि तिथंही एक उठला की दुसरा त्याच पलंगावर निजायचा. आई म्हणायची, मला ह्यांच्याशी बोलता येत नाही, मग मी काय करू? तिनं पहिल्याच आठवड्यात त्यांच्या दाराला झाडूची पाटी अडकवली.

"आई म्हणायची, पाटी ज्याच्या दारावर, तो ह्या घरातला."

बाई गं! मला वाटत होतं की हे हाल फक्त आमच्याच गावाचे झाले. इथंही खळ्यावर खोल्या उठल्या होत्या आणि ह्या म्हातारीनं लहानपणी ते सगळं पाहिलं होतं.

"आणि तुमच्याकडे झाडतं कोण?" त्यांनी विचारलं.

निलेशनं मला डोळ्यांनी खुणावलं, काहीतरी चांगलं सांग. पण खोटं कशाला बोलू? "कुणीच नाही," मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, "इथंही गेल्या महिन्यापासून वरच्या घराची पाळी चुकतेय. ह्या आठवड्यात त्याच घराची पाळी आहे आणि ते रिकामं."

ह्याच्यावर नुसतं बसून राहणं मला जमत नाही. मी उठले, कोपऱ्यातला झाडू घेतला, बादलीत पाणी घेतलं आणि बाहेर गेले. फुटपाथवर वाळलेला फुलोरा आणि धूळ. मी हातानं पाणी शिंपडायला सुरुवात केली, तोच मागून "नाइन! नाइन!" म्हणजे नाही, नाही, अशी आरोळी आली.

"आई, त्या म्हणतात आधी कोरडं झाडायचं. पाण्यानं चिखल होतो."

"त्यांना सांग, आधी सडा घालायचा, नाहीतर धूळ नाकात जाते. हात हलका असला की चिखल होत नाही."

"त्या म्हणतात, साठ वर्षं झाडतेय."

"मग साठ वर्षं धूळ खाल्ली म्हणावं!"

"आई!" निलेश काकुळतीला आला. "मी हे नाही सांगणार. घर जाईल."

पण फ्राऊ हेगेलेंना भाषांतराची गरजच उरली नव्हती. त्या जर्मनमध्ये, मी मराठीत, दोघींचे हात कमरेवर. समोरच्या खिडकीत एक आजोबा येऊन उभे राहिले. मग फ्राऊ हेगेलेंनी एप्रन घट्ट केला, आतून दुसरा झाडू आणला आणि फुटपाथच्या मधोमध चपलेनं रेघ ओढली. तिकडचा भाग त्यांचा, इकडचा माझा. दोघी भिडलो. झाडता झाडता मधेच मला इराचा तो हत्तीचा कोन आठवला. काय करून बसले मी! पोरीच्या शाळेवर आपण झाडू फिरवतोय. पण अर्धा सडा घालून सोडता थोडाच येतो, म्हणून पुरता केला.

शेवटी फ्राऊ हेगेले तपासायला आल्या. माझ्या बाजूला कडेला बोटभर चिखल निघाला, तो त्यांनी विजयानं दाखवला. मी त्यांच्या नाकाकडे बोट केलं, तिथं धुळीची काळी रेघ होती. त्यांनी नाक पुसलं, हाताकडे पाहिलं आणि इतक्या मोठ्यानं हसल्या की समोरचे आजोबाही हसले. मग त्या निलेशशी बोलायला लागल्या. निलेश मान हलवत ऐकत राहिला.

"अरे, काय म्हणतात त्या?"

"म्हणतात, जे आले ते सगळे झाडण्याला हो हो म्हणाले. हो म्हणणारा दुसऱ्या महिन्यात विसरतो. जी बाई झाडण्यावरून भांडते, तिच्या घरची माणसं झाडतील." त्यानं माझ्या हातातला झाडू घेतला. "आई, घर आपलं झालं. फक्त त्यांच्या पद्धतीनं झाडायचं."

प्राजक्तानं तिथंच रस्त्यावर मला मिठी मारली. इरानं काय झालं ते विचारलं, आणि कळल्यावर पहिल्यांदा आपणहून मराठीत म्हणाली, "आजी, मग हत्ती माझ्याच शाळेत येणार!" मी डोळ्याला पदर लावला. फ्राऊ हेगेलेंना वाटलं की डोळ्यात धूळ गेली. त्यांनी लगेच इराला काहीतरी सांगितलं. इरा म्हणाली, त्या म्हणतात, बघ, पाणी घालूनही धूळ जातेच.

आम्ही निघण्याआधी त्या घरात प्रवेश झाला. मी रीतीप्रमाणे नव्या शेगडीवर दूध ठेवलं आणि उतू जाऊ दिलं. फ्राऊ हेगेले वासानं धावत वर आल्या, फडकं घेऊन, आणि आम्ही सगळे हात जोडून उतू जाणाऱ्या दुधाकडे आनंदानं बघतोय हे बघून दारातच थबकल्या. घर भरलेलं राहावं म्हणून हे करतात, असं प्राजक्तानं समजावलं. त्यांनी मान डोलावली, पण शेगडी पुसेपर्यंत जागची हलल्या नाहीत.

आणि शेलवाडी

आल्या आल्या मी यांना प्लायवुडची पाटी करायला लावली. अक्षरं नाहीत, नुसता झाडू रंगवलेला, म्हणजे कुठल्याही मुलखाच्या माणसाला कळेल. पहिल्या खोलीच्या कडीला अडकवली आणि सगळ्यांना बोळात बोलावून फ्राऊ हेगेलेंची गोष्ट सांगितली. कुरकुर झालीच. सात नंबरची पोरं म्हणाली, "काकू, किराया देते हैं, झाडू भी मारें?" पहिल्या दोन पाळ्या नावापुरत्या झाल्या. मग पाटी लातूरच्या मंगलकडे गेली. तिनं बोळ असा लख्ख केला की पुढच्या खोलीतल्या ओडिशाच्या बिजयला लाज वाटली. त्यानं तिच्याकडून खराटा मागून नेला, परत करताना त्याच्या बायकोनं डब्यात तांदळाचे गोड पिठे पाठवले, मंगलनं त्या डब्यात शेंगापोळी घातली. रातपाळीची पोरं दुपारी झोप मोडून झाडायची, ते बघून बायकांनी दुपारी बोळात भांडी आपटणं बंद केलं. टँकर अजून येतो, घंटागाडी अजून येत नाही, जागा मागायला बिल्डर अजून चकरा मारतात. पण बोळात संध्याकाळी खाटा पडायला लागल्या, आणि सात नंबरच्या पोरांची नावं मला आता पाठ आहेत.

पाटी शेवटच्या खोलीवरून निघाली तेव्हा मी मनात म्हटलं, आता पुन्हा पहिलीपासून. सकाळी दार उघडलं तर पाटी माझ्याच कडीला. बोळात सगळी मंडळी तोंड दाबून उभी.

बिजय म्हणाला, "काकू, नंबर आपका."

"अरे, मी मालकीण आहे!"

"काकू, त्या जर्मनीच्या मालकीणबाईंच्या दारालाही होती ना?" मंगल म्हणाली. "तुम्हीच सांगितलं की. पाटी ज्याच्या दारावर, तो ह्या घरातला."

आमचे हे मागून म्हणाले, "आता बोल!"

मी पदर खोचला, बादली भरून घेतली आणि आधी सडा घातला.